नदीच्या उतारावरचा तिसरा शिपाई

लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये घड्याळवाल्यांच्या गल्लीला लागून असलेल्या त्या माडीवर लढाया बाराही महिने चालत. राणीच्या राज्यात कुठे ना कुठे गोळी सुटे, तिथला कुणी चित्रकार घाईघाईने चार रेघा ओढून कागद बोटीने लंडनच्या सचित्र वर्तमानपत्राला पाठवी, आणि त्या चार रेघांची लढाई व्हायची ती इथे, उत्तरेकडच्या खिडकीखाली. वाळू भरलेली चामडी उशी, तिच्यावर पिवळ्या लाकडाचा ठोकळा, हातात कोरणी, छपाईचे ठसे कोरायची. लाकूड हाडासारखं कठीण, पण झाड बुटकं, म्हणून ठोकळेही तळहाताएवढेच. चित्र मोठं असलं की पुष्कळ ठोकळे मागून बोल्टने आवळून त्यांचा एक पाट करायचा, त्यावर चित्र उतरवायचं आणि पुन्हा बोल्ट सोडून तुकडे वाटायचे. कुणाच्या वाटेला आभाळ, कुणाच्या वाटेला घोडे. बार्नी क्विलच्या वाटेला कायम धूर आणि गवत. चेहऱ्यांची जागा मात्र सगळ्यांनी कोरी सोडायची. ती जेबेझ थ्रिपची.

जेबेझला सगळे ‘चेहरेवाला’ म्हणत. साहेबलोकांचे चेहरे तो फोटोवरून कोरी. शिपायांचे फोटो कोण पाठवणार? ते चेहरे कुणाचेच नसत. मनाला येईल तो घालायचा.

‘‘माझा घरमालक आजवर चार लढायांत मारलाय मी, जेबेझच्या हातून,’’ बार्नी नव्या माणसाला हटकून सांगायचा. ‘‘आता जिन्यात भेटला की टोपी काढतो मी. हुतात्मा आहे ना!’’

पण मन तरी रोज नवं कुठून आणणार? वर्षं गेली तसा जेबेझच्या हातात एकच चेहरा मुरत गेला. रुंद कपाळ, सरळ नाक, भरघोस मिशी, नजर लांब कुठेतरी. त्याला तो आठवावा लागत नसे. चहा निवायच्या आत कोरणीखालून आपोआप उतरे.

त्या शरद ऋतूत कर्नल व्हेरिंडर यांच्या पलटणीच्या सचित्र इतिहासाचं काम माडीवर आलं. भारी कागद, चामडी बांधणी, आणि मधोमध दोन पानं व्यापणारं मोठं चित्र. आफ्रिकेतल्या झुलू मुलखात नदीच्या उतारावर, पाणी पायी ओलांडता येतं तिथे, पलटणीची एक कंपनी शेवटच्या माणसापर्यंत लढली होती, त्या शेवटच्या रांगेचं. चित्राचा कागद टेबलावर उलगडला तेव्हा बार्नीनेही हातातली कोरणी खाली ठेवली. त्या कंपनीत जेबेझचा मुलगा सायलस होता. ‘उतारावर आपल्या कंपनीसोबत कामी आला’, एवढी एक ओळ घरी आली होती. कबर नव्हती. फोटोही नव्हता. चेहरे कोरणाऱ्याच्या घरात फोटो कशाला, असं जेबेझच एकदा म्हणाला होता.

‘‘शिपायांचे चेहरे मनाचेच ना, मिस्टर हॅलम?’’ बार्नीने कारखान्याच्या मुकादमाला मुद्दाम मोठ्याने विचारलं.

‘‘नेहमीसारखे,’’ हॅलम म्हणाला.

‘‘मग जेबेझच्या मनात जो असेल तो.’’

हॅलमने चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिला. होकार होता तो.

घरी जेबेझची बायको डॉर्कस शर्टांची काजं करत बसलेली असे. जेबेझने ही गोष्ट सांगितली त्या संध्याकाळपासून तिचा एकच प्रश्न सुरू झाला. तो दारात दिसला की सुई थांबायची.

‘‘आला का?’’

‘‘नाही.’’

‘‘का पण?’’

‘‘हात येऊ देत नाही.’’

खरंच येऊ देत नव्हता. रद्दी तुकड्यांवर जेबेझ सराव करी. सुरुवात सायलसने होई, आणि कोरणी नाकापर्यंत पोचली की तो मिशीवाला येऊन बसे. जेबेझने एक तुकडा घरी आणून डॉर्कसला दाखवला. तिने तो दिव्याशी धरला, काळजीपूर्वक पाहिला.

‘‘हा? हा तर बिस्किटांच्या डब्यावरचा!’’

दोघेही हसले. मुलगा गेल्यापासून त्या खोलीत पहिलं हसू आलं ते त्या दिवशी. मग डॉर्कसने कापड बाजूला सारलं, स्टूल ओढून ती त्याच्यासमोर बसली. सायलस लहान असताना टबात बसवून आंघोळ घालताना ती एक गाणं म्हणायची. कुणी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनेच जुळवलेलं. ते तिने आता नुसतं बोलून दाखवलं:

‘‘बाळाचं माझ्या रूप, काय सांगू शेजीबाई,
टोपीखाली दोन कान, तिसरं काही दिसत नाही.’’

‘‘कान आधी कोर,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या बापाचे कान. बाहेर आलेले. भुवया तुझ्या, पण तुझ्या रागावतात तशा त्याच्या कधी रागावल्या नाहीत. केस म्हणजे पावसात भिजलेलं गवत. कितीही विंचर, पडायचे तिकडेच पडायचे. आणि ओठ, हनुवटी…’’ तिने त्याचा हात धरला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. ‘‘ही घे. ही माझीच आहे. डोळे मीट आणि घे.’’

कोरणीने घट्टे पडलेली ती बोटं तिच्या हनुवटीवरून फिरली. मधला बारीक खळगा, खालच्या ओठाची जाडी. इतक्या वर्षांच्या संसारात जेबेझने तिचा चेहरा असा कधी हाताने वाचला नव्हता.

‘‘डोळे?’’ त्याने विचारलं.

‘‘डोळे तू पाहिलेस शेवटचे. मी मागे फिरून रडत होते.’’

पाहिले होते. नवा लाल कोट घालून सायलस निरोप घ्यायला दारात उभा राहिला, तेव्हा जेबेझ जागचा उठला नव्हता. ‘‘असले रोज मारतो मी ठोकळ्यावर,’’ एवढंच तो म्हणाला होता. पोराच्या तोंडावरचं हसू गेलं. हसू गेल्यावर डोळ्यांत जे उरलं ते जेबेझच्या मनातून निघालं नव्हतं. इतके दिवस त्यानेच ते आत दाबून धरलं होतं. हात अडायचा तो तिथे.

दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून उजेड ठोकळ्यावर पाडून तो बसला. जेवणाची सुटी आली, गेली. उठला नाही. साहेबाच्या डाव्या हाताला, रांगेतला तिसरा शिपाई. आधी कान, मग हनुवटी, आणि सगळ्यात शेवटी डोळे. शूर करायचा नाही, एवढंच त्याने हाताला बजावलं होतं. ठोकळ्यावर शाई लावून बार्नीने पातळ कागदावर छाप घासला, कागद उचलला, आणि माडीवरचे सगळे उठून भोवती आले. एकोणीस वर्षांचं पोर, तोंड अर्धवट उघडं, भ्यालेलं, आणि तरी कुणाकडे तरी आशेने पाहणारं.

‘‘दुपारचे डबे घेऊन यायचा हा,’’ एक जण म्हणाला.

‘‘माझा ओढायचा पाइप फोडला होता याने,’’ बार्नी म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या संध्याकाळी डॉर्कसने विचारायच्या आधीच जेबेझ म्हणाला, ‘‘आला.’’

ती उभी राहिली. ‘‘कसा आहे?’’

‘‘आहे तसा.’’

‘‘मला दाखव. आत्ता.’’

‘‘गिऱ्हाइकाने पसंत करीपर्यंत छाप माडीबाहेर नेता येत नाही. पुस्तक निघालं की दुकानाच्या खिडकीत हेच पान उघडून ठेवतील. तेव्हा बघ. सगळ्यांच्या रांगेत उभा असलेला बघ.’’

‘‘सगळ्यांच्या रांगेत,’’ ती म्हणाली. तिला ते इतकं आवडलं की स्वयंपाक करताना तिने ते दोनदा स्वतःशीच म्हटलं.

पुढच्या आठवड्यात कर्नलसाहेबांनी छाप पाहायला बोलावलं. चेहऱ्यांत काही फेरफार असतील म्हणून हॅलमने जेबेझलाही बरोबर घेतलं. कर्नलच्या पुस्तकांच्या खोलीत चारी भिंती लष्करी पुस्तकांनी भरलेल्या होत्या. त्यांच्या आजोबांपासून जमवलेली. गणवेशांची, झेंड्यांची, कवायतीची, हाताने रंगवलेल्या चित्रांची. कर्नलनी एक मोठं पुस्तक टेबलावर उघडलं तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला.

‘‘हे बघा, हॅलम. नेपोलियनच्या वेळचं. कॉलर बघा. बटणं जोडीजोडीने आहेत की एकेक, तेही बघा. एक चूक सापडणार नाही. चेहरे तेवढे सगळे एकाच मुलीचे वाटतात, गाल गुलाबी, ओठ गुलाबी!’’ ते हसले. ‘‘पण कोट? कोट खरे आहेत. माझं पुस्तक यांच्या शेजारी बसणार आहे. मी गेल्यावर माझ्यासारखाच कुणी वेडा ते लिलावात घेईल, भिंग घेऊन बसेल. त्याला चूक सापडता कामा नये.’’

मग त्यांनी भिंग घेऊन छाप तपासला. आधी बाह्यांवरच्या पट्ट्या, मग शिरस्त्राणं, मग आपल्या मेलेल्या कॅप्टनचा चेहरा. ‘‘वा,’’ ते म्हणाले. ‘‘हाच तो. वा.’’ भिंग पुढे सरकलं. तिसऱ्या शिपायावर थांबलं.

‘‘हा कोण?’’

‘‘कुणी नाही, सर,’’ हॅलम म्हणाला. ‘‘शिपायांचे चेहरे आमचा हा माणूस मनाने घालतो.’’

‘‘मनाने? मग याच्या मनात हा शिरला कसा? मी पाहिलंय याला.’’

हजार माणसांच्या धन्याने आपलं पोर ओळखलं! जेबेझ पुढे झाला. ‘‘पाहिलंय, सर?’’

‘‘नाव विचारू नका. नावं राहत नाहीत माझ्या लक्षात, चेहरे राहतात. आम्ही मदत घेऊन पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. कंपनीची कंपनी जागच्या जागी पडली होती, रांग न मोडता. आणि हा नदीच्या खालच्या अंगाला, पार लांब, लव्हाळ्यात. बंदूक नाही, पट्टा नाही, भाला पाठीत. मी घोड्यावरून उतरून पाहिला. तोंड हे असं. डोळे हे असे.’’ त्यांनी कागदावर नख आपटलं. ‘‘पळाला होता. सगळ्यांत हा एकटा.’’

खाली अंगणात मोलकरीण सतरंजी झोडपत होती. हॅलमने घसा साफ केला. ‘‘सर, एक सांगायचं म्हणजे, हा मुलगा…’’

‘‘पाणी आणायला पाठवला असेल, सर,’’ जेबेझ मध्येच म्हणाला.

‘‘पाण्यातच तर उभे होते ते!’’ कर्नल म्हणाले. रागावून नाही. एखादं बटण चुकलं असावं तसं. ‘‘त्याला काढा. पुस्तकाच्या शेवटी मी उतारावर पडलेल्यांची नावं देतोय. याचं नाव ठाऊक असतं तर तेही गाळलं असतं. त्या नावांत हे नाव बसवणं म्हणजे बाकीच्यांचा अपमान.’’ त्यांनी पहिल्यांदाच जेबेझकडे नीट पाहिलं. ‘‘तुला ठाऊक आहे का रे, कोण हा?’’

चेहरा तर गेलाच होता. आता नाव उरलं होतं. सायलस थ्रिप, शिपाई. त्या नावावर बोट ठेवायला या माणसाला जेबेझच्या तोंडचा एक शब्द पुरे होता.

‘‘नाही, सर,’’ जेबेझ म्हणाला. ‘‘बाजारात दिसला होता कुणी. हाताने धरला.’’

‘‘मग सोड त्याला. दुसरा घाल. मर्द दिसेल असा.’’

‘‘घालतो, सर.’’

परतताना घोड्यांच्या बसच्या टपावर दोघे शेजारी बसले होते. वारा तोंडावर येत होता.

‘‘थ्रिप, मी बोलणार होतो,’’ हॅलम म्हणाला.

‘‘बोलला असतात तर नावही गेलं असतं.’’

‘‘हो,’’ हॅलम म्हणाला.

लाकडी ठशात चूक झाली तर ती खोडता येत नाही. तेवढा भाग गिरमिटाने पोखरून काढायचा, भोकात त्याच लाकडाची गोल मेख ठोकून बसवायची, ती घासून सपाट करायची आणि तिच्यावर नव्याने कोरायचं. माडीवर कुणाचा हात घसरला की जेबेझच हे काम करून देई. त्याची मेख कुठे बसलीय ते छापात कुणाला कळत नसे.

‘‘मी करतो,’’ बार्नी म्हणाला. ‘‘तू खाली जा. बिअर घे. ये मग.’’

‘‘माझं काम आहे.’’

‘‘मग एक छाप तरी काढून ठेव, गाढवा!’’ बार्नी कुजबुजला. ‘‘पहिला छाप त्या म्हाताऱ्याने ठेवून घेतला. हॅलमची पाठ आहे. एवढ्यात होतो.’’ त्याने शाई लावायची पुरचुंडी उचललीसुद्धा.

जेबेझने ठोकळ्यावर तळहात ठेवला. छाप हवा होता त्याला. पण कागद घरी नेला की डॉर्कस तो उशाशी ठेवील, आणि एक दिवस तोच कागद घेऊन दुकानाच्या खिडकीशी जाईल. खिडकीत दुसराच माणूस उभा असेल. मग ती विचारील, का? आणि त्या ‘का’ला एकच उत्तर होतं. लव्हाळ्यातलं. तिला चेहरा द्यायचा तर पाठीतला भालाही द्यावा लागणार होता. एक ठेवून दुसरं देता येत नव्हतं.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘ठेव ते.’’

गिरमिट फिरलं. आधी डोळे गेले, मग ओठ, मग डॉर्कसची हनुवटी. कठीण लाकडाचा पिवळा भुसा भोकाच्या कडेला साचला. आणि रोजच्या सवयीने, काहीच मनात नसताना, जेबेझने त्यावर फुंकर मारली. भुसा उडाला, उजेडात क्षणभर तरंगला, बाकांवर, शिपायांवर, बार्नीच्या धुरावर कुठे कुठे बसला. मग त्याच्या लक्षात आलं आपण काय उडवलं ते. तो वाकून बाकावरून हात फिरवू लागला. बार्नीने त्याचे खांदे धरून त्याला सरळ बसवलं.

मेख बसली. सपाट झाली. कोरणी टेकवली मात्र, रुंद कपाळ आलं, सरळ नाक आलं, मिशी आली, लांबवरची नजर आली. बाजूला ठेवलेला चहा अजून गरम होता.

पुस्तक निघालं ते नाताळाच्या तोंडावर. स्ट्रँड रस्त्यावरच्या मोठ्या दुकानाच्या खिडकीत, गॅसच्या दिव्याखाली, तेच पान उघडून ठेवलं होतं. जेबेझने रस्त्याने जाताना मनात एक लबाडी जुळवून ठेवली होती. ठोकळा तडकला, ऐन वेळी चेहरा बदलावा लागला, माझा इलाज नव्हता. डॉर्कसने चर्चची टोपी घातली होती आणि हातमोज्याचं भोक शिवलं होतं. गर्दीतून वाट काढत ती काचेशी पोचली. जेबेझ तिच्या मागे उभा राहिला. तिचे खांदे त्याला दिसत होते. ते आता पडतील, आता पडतील, असं त्याला वाटत राहिलं.

ती पुष्कळ वेळ पाहत होती. बोट काचेवर ठेवून तिने साहेबापासून मोजलं. एक, दोन, तीन.

‘‘मिशी आली होती त्याला,’’ ती म्हणाली.

जेबेझला लबाडी आठवेना.

‘‘तू मला सांगितलं नाहीस.’’ ती मागे न वळता बोलत होती. ‘‘इथून गेला तेव्हा लव होती नुसती. तिकडच्या उन्हात लवकर मोठी होतात म्हणे पोरं. नाकही जरा… पण लढाईत माणूस वेगळाच दिसत असणार. नाही का? किती शूर दिसतोय बघ. मला वाटायचं भ्याला असेल रे तो. रोज रात्री मला तेच दिसायचं, भ्यालेला. आणि हा बघ कसा उभा आहे.’’

‘‘डॉर्कस,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर जे होतं ते जेबेझने त्या घरात कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. खरा चेहरा आता कुठेच नव्हता. एक कर्नलच्या खणात पडलेला कागद, आणि एक जेबेझच्या डोळ्यांमागे. तोही आता दिवसेंदिवस पुसट होत चालला होता. काल त्याला कान आठवले नव्हते.

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘थंडी आहे. शाल नीट घे.’’

शेजारी हातात टोपली घेतलेली एक बाई उभी होती. तिने बोटाच्या दिशेने पाहिलं. ‘‘तुमचं कुणी आहे का यात, बाई?’’

‘‘माझा मुलगा,’’ डॉर्कस म्हणाली. ‘‘साहेबापासून तिसरा. मिशीवाला.’’

बाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं. त्याने टोपी काढली. मागच्या दोघातिघांनीही काढल्या आणि डॉर्कसला जागा मिळावी म्हणून गर्दी थोडी मागे सरली. ती आणखी पुढे झाली, कपाळ काचेला टेकवून त्या मिशीवाल्याकडे पाहू लागली, एकेक रेघ करून, पुन्हा विसरायचा नाही म्हणून. तिच्या श्वासाने काच धुरकटली. ती बाहीने पुसायची आणि पुन्हा पाहायची.

‘‘माझ्या यांनीच कोरलाय तो,’’ ती त्या बाईला म्हणाली. ‘‘बापाने. म्हणून इतका हुबेहूब आलाय. हो ना, जेबेझ?’’

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘तोच.’’